टू-व्हीलरचं आरएसए: मदत येईपर्यंतचा वेळ कुणाचा?

पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही आणि ज्यांना ऐकून झाल्यावर मुद्दे पुन्हा नजरेखालून घालायचेत, अशा दोघांसाठी. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त मधले "अं" आणि "म्हणजे कसं" थोडे कमी केलेत.

आजचा विषय आहे रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे आपण ज्याला आरएसए म्हणतो ते. तेही फक्त टू-व्हीलरचं. कारवाल्यांसाठी यावर भरपूर माहिती मिळते. पण आपल्याकडे रस्त्यावर गाड्या जास्त कुणाच्या? बाइक आणि स्कूटरवाल्यांच्या. आणि गाडी बंद पडली की सगळ्यात उघड्यावर कोण असतं? तेच. कारवाला निदान काच वर करून आत बसू शकतो. आपण पावसात, उन्हात, रात्रीच्या अंधारात गाडीशेजारी उभे.

सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याभोवतीच आहे. आरएसए घेताना आपल्याला वाटतं की आपण "मदत" विकत घेतली. खरं तर आपण अटी असलेलं एक वचन विकत घेतो. फोन केला की माणूस येईल, पण काही अटींवर, आणि काही वेळाने. त्या अटी घरी बसून तपासायच्या असतात. आणि माणूस येईपर्यंतचा वेळ हा पूर्णपणे आपला असतो. धोका जास्त त्या वेळात असतो, गाडीच्या बिघाडात नाही.

ही कल्पना मुळात बाइकवाल्यांचीच

थोडा इतिहास, एकच मिनिट. युरोपातला सगळ्यात मोठा वाहनचालकांचा क्लब म्हणजे जर्मनीचा एडीएसी. त्यांच्या पिवळ्या गाड्या तिकडे राहणाऱ्या आपल्या मराठी मित्रांनी नक्की पाहिल्या असतील. हा क्लब १९०३ साली श्टुटगार्टमध्ये सुरू झाला तो मोटरसायकलस्वारांची संघटना म्हणून. आताचं नाव १९११ मध्ये मिळालं, कारवाले पुढे वाढत गेले. आपल्याकडे मुंबईत वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन १९१९ पासून आहे. म्हणजे सदस्य व्हा, वर्गणी भरा आणि अडचणीत मदत मागा, ही पद्धत जुनीच. आता त्या वर्गणीची जागा विमा पॉलिसीतल्या एका ओळीने घेतली आहे, आणि ती ओळ कुणी वाचत नाही. तीच आज वाचू.

तुमच्याकडे नक्की कोणतं आरएसए आहे?

साधारण तीन प्रकार दिसतात.

पहिला, गाडी बनवणाऱ्या कंपनीचा. नवी गाडी घेताना शोरूममध्ये मिळतो, कधी फुकट, कधी बिलात एक ओळ वाढवून. याची मुदत ठरलेली असते आणि ती संपली की कुणी दारात येऊन सांगत नाही.

दुसरा, विम्याबरोबरचा ॲड-ऑन. इथे सगळ्यात मोठी गल्लत होते, म्हणून नीट सांगतो. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक झाला. शोरूममधून बहुतेकांना जी पॉलिसी मिळते तिला "एक अधिक पाच" म्हणतात. पाच वर्षं थर्ड पार्टी, पण ओन डॅमेज, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर, फक्त पहिलं एक वर्ष.

आता गंमत बघा. आरएसए हा ॲड-ऑन ओन डॅमेजला चिकटलेला असतो. थर्ड पार्टीचा अर्थ आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं जे नुकसान होईल ते. त्यात आपली गाडी उचलून नेण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे पहिलं वर्ष संपलं आणि ओन डॅमेज रिन्यू केलं नाही, तर त्याच दिवशी आरएसएही संपलं. कागदावर मात्र "वैध पाच वर्षे" असं मोठ्या अक्षरात दिसतं. पोलिसाने अडवलं तर पॉलिसी चालते, चलान होत नाही, म्हणून आपल्यालाही वाटतं की सगळं ठीक आहे. आणि खरं काय ते कळतं वरंध घाटात.

यावर उपाय आहे. थर्ड पार्टी चालू असताना फक्त ओन डॅमेजची वेगळी पॉलिसी घेता येते, तिला स्टँडअलोन ओन डॅमेज म्हणतात. ही सोय २०१९ पासून आहे. तिच्यासोबत आरएसए मागून घ्यायचं. मागून म्हणजे खरंच मागून. ऑनलाइन रिन्यू करताना ॲड-ऑनच्या चौकोनात खूण करायची राहिली तर ते येत नाही.

तिसरा प्रकार, स्वतंत्र वर्गणी किंवा ॲप. विम्याशी संबंध नाही, वर्षाचे पैसे भरा किंवा गरज पडेल तेव्हा एका कामाचे भरा. जुन्या गाडीसाठी हा बरा पर्याय असू शकतो. फक्त एक अट बघा: घेतल्यापासून सेवा लागू कधी होते? अनेक योजनांत सुरुवातीचे काही तास किंवा दिवस सेवा मिळत नाही. कारण उघड आहे, नाहीतर प्रत्येकजण बंद पडलेल्या गाडीशेजारी उभा राहूनच वर्गणी भरेल.

अजून एक. पहिल्या दोन प्रकारांत आरएसए हे माणसाला नाही, गाडीला असतं. नंबर प्लेटला. मित्राची बाइक घेऊन गेलात तर तुमचं आरएसए कामाचं नाही, त्याचं लागेल. आणि सेकंड हँड गाडी घेतली असेल तर विमा आपल्या नावावर करायला कायद्याप्रमाणे १४ दिवसांत अर्ज करायचा असतो. आरसी बुकावर नाव बदललं आणि विमा जुन्याच मालकाच्या नावावर राहिला, असं सर्रास होतं. मग फोनवरची व्यक्ती पॉलिसीधारकाचं नाव विचारते आणि आपण गप्प.

त्यात काय मिळतं आणि काय नाही

बहुतेक योजनांची यादी सारखीच असते. पंक्चर, बॅटरी उतरली तर जंप स्टार्ट, पेट्रोल संपलं तर थोडं पेट्रोल आणून देणं, चावी हरवली तर मदत, जागेवर होणारी छोटी दुरुस्ती, आणि काहीच जमलं नाही तर टोइंग.

आता याच यादीच्या खाली बारीक अक्षरात काय असतं ते बघा.

पेट्रोल आणून देतात, पण पेट्रोलचे पैसे बऱ्याचदा तुमचे. दुरुस्ती करतात, पण पार्टचे पैसे तुमचे. म्हणजे क्लच केबल तुटली तर बसवायची मजुरी माफ, केबल मात्र तुमची. आणि तुमच्या मॉडेलची केबल त्या मेकॅनिककडे असेलच असं नाही. म्हणून लांब जाणाऱ्यांनी सीटखाली एक क्लच केबल ठेवावी. चारशे किलोमीटरच्या प्रवासात ती जेवढी उपयोगी पडते तेवढं दुसरं काही नाही.

टोइंग ठरावीक किलोमीटरपर्यंत फुकट, पुढे प्रति किलोमीटर पैसे. आणि ते तुमच्या घरी नाही, जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला. रविवारी रात्री दहाला ते सेंटर बंद असेल तर गाडी रात्रभर कुठे राहणार, हा प्रश्न आधी विचारून ठेवायचा.

वर्षातून किती वेळा बोलावता येतं यालाही मर्यादा असते. एक चांगली गोष्टही सांगतो: आरएसए बोलावणं म्हणजे विम्याचा क्लेम करणं नव्हे, त्यामुळे साधारणपणे नो क्लेम बोनस जात नाही. "बोनस जाईल" या भीतीने फोन न करणारे लोक आहेत. त्यांनी आपल्या पॉलिसीत एकदा बघून घ्यावं आणि निर्धास्त फोन करावा.

आता सगळ्यात महत्त्वाची अट. खासगी टू-व्हीलरच्या विम्यात गाडी कशासाठी वापरायची याची मर्यादा लिहिलेली असते. भाड्याने चालवणं, मालवाहतूक, शर्यत वगैरे त्यात बसत नाही. आपल्या आजूबाजूला जी शेकडो मुलं पाठीला पेटी लावून जेवण आणि किराणा पोहोचवतात, त्यातल्या बहुतेकांच्या गाड्या खासगी म्हणून नोंदलेल्या असतात. गाडी बंद पडली की दिवसाची कमाई बंद, ज्यांना आरएसएची सगळ्यात जास्त गरज, आणि अटींमध्ये अडकण्याची शक्यताही त्यांचीच जास्त. तुम्ही किंवा घरातलं कुणी हे काम करत असेल तर दोन ठिकाणी विचारा: विमा कंपनीला, की व्यावसायिक वापर चालेल असं कव्हर आहे का. आणि ज्या प्लॅटफॉर्मसाठी काम करता त्यांना, की ब्रेकडाउनची काही सोय आहे का. उत्तर तोंडी नको, ईमेल किंवा मेसेजवर घ्या.

गाडी बंद पडली: आधी जागा, मग फोन

समजा, गाडी चालता चालता बंद पडली. पहिलं काम फोन काढणं नाही. पहिलं काम रस्त्यातून बाजूला होणं.

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले साधारण ४४ टक्के टू-व्हीलरवरचे होते. आणि अपघाताचा सगळ्यात मोठा प्रकार कोणता? मागून धडक. आता विचार करा, हायवेच्या कडेला, पांढऱ्या पट्टीला लागून, दिवा बंद असलेली बाइक आणि तिच्या मागे वाकून चाक बघणारा माणूस.

म्हणून हा क्रम लक्षात ठेवा.

गाडीला जेवढा वेग शिल्लक आहे तो वाया घालवू नका. क्लच दाबा, डावा इंडिकेटर द्या आणि गाडी घरंगळत जेवढी बाजूला नेता येईल तेवढी न्या. टू-व्हीलरचे ब्रेक इंजिन बंद असलं तरी लागतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. फक्त चावी पूर्ण बंद करू नका. इग्निशन बंद झालं की एबीएस काम करत नाही, आणि चुकून हँडल लॉककडे चावी गेली तर संपलंच.

घाटात असाल तर वळणावर अजिबात थांबू नका. उतार असेल तर ब्रेक हातात धरून पुढच्या रुंद जागेपर्यंत हळूहळू या. चढ असेल तर गाडीवरून उतरून, मागची वाहतूक बघून, ढकलत न्या. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर टू-व्हीलरला बंदी आहे, समृद्धी महामार्गावरही बंदी आहे. म्हणजे आपल्या वाट्याला जुने हायवे आणि घाटच येतात, जिथे कडेला जागा कमी असते.

पंक्चर असेल तर ज्या चाकातली हवा गेली त्याचा ब्रेक जोरात दाबू नका. थ्रॉटल सोडा, हँडल सरळ धरा, दुसऱ्या चाकाचा ब्रेक हलकेच लावा.

गाडी उभी केली की तुम्ही गाडीपासून लांब व्हा. लोखंडी कठडा असेल तर त्याच्या पलीकडे, नसेल तर रस्त्यापासून जेवढं आत जाता येईल तेवढं. येणाऱ्या वाहतुकीकडे तोंड करून. हेल्मेट डोक्यावरच राहू द्या. मागे बसलेली व्यक्ती आणि मुलं आधी बाजूला, सामान नंतर.

आपल्याकडे गाडीभोवती दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवायची पद्धत आहे. ट्रकवाले करतात. फांदी एक वेळ ठीक, पण दगड ठेवू नका. गाडी दुरुस्त होते, लोक निघून जातात आणि दगड तिथेच राहतो. रात्री मागून येणाऱ्या दुसऱ्या बाइकवाल्यासाठी तो दगड म्हणजे अपघात. त्यापेक्षा बॅगेत रिफ्लेक्टिव्ह जॅकेट ठेवा, घडी करून मूठभर होतं.

फोन करण्याआधी दोन मिनिटं

बाजूला झालात, सुरक्षित आहात. आता दोन मिनिटं गाडीकडे बघा. कारण मेकॅनिकने तासाभराने येऊन लाल बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली, हा प्रसंग या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

किल स्विच बघा. पार्किंगमध्ये लहान मुलं पहिलं तेच बटण दाबतात. साइड स्टँड पूर्ण वर आहे का बघा. बऱ्याच नव्या गाड्या स्टँड खाली असेल तर सुरूच होत नाहीत, आणि चिखल बसला की स्टँड वर असूनही सेन्सरला तो खालीच वाटतो. क्लच दाबून, न्यूट्रलमध्ये सेल्फ मारा. पेट्रोल खरंच आहे का, टाकी हलवून ऐका.

सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक वाजतंय, हॉर्न मरतुकडा, डिस्प्ले मंद? मग बॅटरी. इथे जुनी आणि नवी गाडी यात फरक आहे. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्या गाड्या फ्युएल इंजेक्शनच्या झाल्या. त्यांना पेट्रोल पंप आणि इंजिनाचा कंट्रोलर चालवायलाही बॅटरी लागते. त्यामुळे बॅटरी पूर्ण उतरली असेल तर ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून स्टार्ट करायचा आपला जुना उपाय चालेलच असं नाही. थोडा जीव असेल तर चालू शकतो. स्कूटर तर ढकलून सुरू होतच नाही. बाबांची चेतक तिरकी करून किक मारली की सुरू व्हायची, तिला गिअर होते आणि मागे स्टेपनीही होती. आताच्या स्कूटरला स्टेपनी नाही आणि अनेकांना किकही नाही. म्हणजे गाड्या सुधारल्या, पण रस्त्यात आपल्या हातात करण्यासारखं कमी उरलं. टू-व्हीलरलाही आरएसएची गरज आता जास्त वाटते ती यामुळे.

स्कूटरचं इंजिन सुरू आहे, रेस होतंय, पण चाक फिरत नाही? बहुधा बेल्ट तुटला. हे जागेवर होणारं काम नाही. फोनवर सरळ सांगा की टोइंग पाठवा, नाहीतर आधी मेकॅनिक येईल, बघेल आणि मग पुन्हा टेम्पोची वाट बघा.

आणि पावसाळ्याचा नियम. गाडी पाण्यात बुडाली असेल किंवा खोल पाण्यातून जाताना बंद पडली असेल, तर सेल्फ मारू नका. एअर फिल्टरमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वर, पाणी गेल्यावर स्टार्ट करून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या ओन डॅमेजमध्ये सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचा वेगळा ॲड-ऑन लागतो. पाण्यातून बाहेर काढा आणि थेट टोइंग मागा.

एक गोष्ट मात्र करू नका: दुसऱ्याच्या बाइकवरून पाय लावून ढकलत नेणं. शहरात हे रोज दिसतं. दोन्ही गाड्यांचा तोल एका पायावर असतो आणि पुढच्याने अचानक ब्रेक लावला तर दोघं खाली.

फोन कुणाला आणि काय सांगायचं

आरएसएचा नंबर त्या वेळी इंटरनेटवर शोधू नका. हे मी दोनदा सांगतो, कारण यात लोकांचे पैसे गेलेत. कस्टमर केअरच्या नावाने खोटे नंबर टाकून ठेवलेले असतात. आपण घाईत, अंधारात, पहिला दिसेल तो नंबर लावतो. समोरचा गोड बोलतो, "बुकिंगसाठी फक्त पाच रुपये भरा" म्हणून लिंक पाठवतो किंवा स्क्रीन दिसेल असं ॲप टाकायला लावतो. नंबर फक्त पॉलिसीच्या कागदावरचा किंवा कंपनीच्या ॲपमधला. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर कळवा.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ही महामार्ग प्राधिकरणाची हेल्पलाइन चोवीस तास असते. तिथून पेट्रोलिंगची गाडी, क्रेन किंवा ॲम्ब्युलन्स मागवता येते. राष्ट्रीय महामार्गावर सहसा टू-व्हीलरला टोल नसतो, म्हणून अनेकांना वाटतं की ही सोय आपल्यासाठी नाही. तसं काही नाही, बिनधास्त फोन करा. फक्त त्यांचं मुख्य काम रस्ता सुरक्षित आणि मोकळा ठेवणं आहे, तुमची गाडी गॅरेजला पोहोचवणं नाही. जखमी कुणी असेल तर १०८. आणि जागा असुरक्षित वाटत असेल, कुणी त्रास देत असेल, तर आरएसएची वाट बघू नका, सरळ ११२. एकट्या असलेल्या मुलींनी आणि बायकांनी तर तो फोन करायला अजिबात संकोच करू नये. तुमच्या सिमला रेंज नसेल पण दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क तिथे असेल, तरी ११२ लागू शकतो.

लोकेशन कसं सांगायचं? इंटरनेट असेल तर लोकेशन शेअर करा, प्रश्न मिटला. पण ताम्हिणीसारख्या घाटात ते नसतं. लक्षात ठेवा, जीपीएसला इंटरनेट लागत नाही. नकाशा नीट उघडला नाही तरी निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे मिळतात. ते साध्या एसएमएसने पाठवा. तेही जमलं नाही तर किलोमीटरचा दगड शोधा. डोक्यावर पिवळा रंग असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य महामार्ग. त्यावरचा आकडा, आणि तुम्ही कुठून कुठे चालला होतात ते सांगा. दिशा सांगायला विसरू नका, नाहीतर मदत दुभाजकाच्या पलीकडे येऊन उभी राहते.

गाडीचं मॉडेल, टायर ट्यूबलेस की ट्यूबचा, आणि लक्षणं सांगा. "बंद पडलीये" एवढंच नको. "सेल्फ फिरतो पण सुरू होत नाही" किंवा "इंजिन चालू आहे पण चाक फिरत नाही" असं. त्यावरूनच मेकॅनिक पाठवायचा की टेम्पो, हे ठरतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून हा भाग थोडा उकलून सांगतो. तुमचा फोन गेला की एक तिकीट तयार होतं आणि ते कंपनीच्या स्वतःच्या माणसाकडे क्वचितच जातं. ते जातं त्या भागातल्या करार केलेल्या गॅरेजवाल्याकडे. त्याने नाकारलं तर पुढच्याकडे. तुम्हाला सांगितलेली "४५ मिनिटं" हा त्या क्षणीचा अंदाज असतो. म्हणून तिकीट नंबर लिहून घ्या, येणाऱ्या माणसाचा थेट नंबर मागा आणि त्याच्याशी स्वतः बोला. निघालाय का, हे तोच सांगू शकतो. पंधरा-वीस मिनिटांत कुणाचं नाव आलं नाही, तर त्याच तिकिटावर पुन्हा फोन करा. नवं तिकीट काढू नका, नाहीतर रांगेत पुन्हा शेवटून सुरुवात.

माणूस आल्यावर

नाव आणि तिकीट नंबर जुळवा. काही सेवांमध्ये काम संपल्यावर तुमच्याकडून ओटीपी घेतात. तो काम झाल्यावरच द्या. ओटीपी दिला की सिस्टीमच्या लेखी तुमची गाडी सुरू झालेली असते.

ट्यूबलेस पंक्चर काढताना शेजारी उभे राहा. "साहेब, चार निघाले" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. दर आधी विचारा, प्रत्येक भोक साबणाच्या पाण्यात बुडबुडे बघूनच मान्य करा.

टोइंग म्हणजे आपल्याकडे बऱ्याचदा छोटा हत्ती. गाडी चढवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, किलोमीटरचा आकडाही फोटोत येऊ द्या. गाडी उभीच बांधायला सांगा, आडवी नाही. पट्टा हँडलच्या टोकांना नको, हँडल जिथे फोर्कला जोडलंय त्या मजबूत भागाला हवा. सीटखालची कागदपत्रं आणि मौल्यवान वस्तू काढून घ्या. आणि तुम्ही स्वतः घरी कसे जाणार, ते आधी ठरवा. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जागा असेलच असं नाही.

इलेक्ट्रिक स्कूटर असेल तर एकच गोष्ट: मागचं चाक जमिनीवर ठेवून ओढत नेऊ देऊ नका. चाक फिरलं की मोटर जनरेटरसारखी वागू शकते आणि इलेक्ट्रॉनिक्सचं नुकसान होऊ शकतं. गाडी पूर्ण उचलूनच न्यायची. चार्जिंग संपलं तर तुमचं आरएसए ते ब्रेकडाउन धरतं का, हेही पॉलिसीत बघून ठेवा.

मग आरएसए घ्यावं का?

रोज घर ते ऑफिस सात-आठ किलोमीटर असेल आणि वाटेत ओळखीचा मेकॅनिक असेल, तर त्याचा नंबर हेच तुमचं पहिलं आरएसए. तो फोन उचलतो, कारण त्याला तुम्ही उद्याही हवे असता. पण महिन्यातून एकदा जरी शहराबाहेर जात असाल, रात्री उशिरा परतत असाल, किंवा घरात कॉलेजला स्कूटरवर जाणारं कुणी असेल, तर घ्या. टू-व्हीलरसाठी ॲड-ऑनचा हप्ता एका टोइंगच्या खर्चापुढे किरकोळ असतो.

आणि आता हे वाचून झालं की गाडी पार्किंगमध्ये उभी असतानाच दहा मिनिटांचं काम करा. पॉलिसी उघडा, ओन डॅमेजची शेवटची तारीख बघा. ॲड-ऑनच्या यादीत आरएसए आहे का बघा. त्याचा नंबर फोनमध्ये "आरएसए" नावाने सेव्ह करा आणि एका कागदावर लिहून सीटखाली ठेवा, कारण फोनची बॅटरीही नेमकी त्याच दिवशी उतरते. टोइंग किती किलोमीटर, वर्षातून किती वेळा, एवढं वाचा. मग तो कागद घरात जी दुसरी व्यक्ती ती गाडी चालवते, तिला दाखवा. बहुतेक घरांत पॉलिसी एकाच्या ईमेलमध्ये असते आणि गाडी चालवतं दुसरंच कुणीतरी.

एवढंच. तुमच्या पॉलिसीत काही वेगळी अट सापडली तर जरूर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू. गाडी सांभाळून चालवा, हेल्मेट घाला, भेटू.